माल किती चालतो, किती थांबतो: कारखान्यातील मूल्यप्रवाहाचा नकाशा

कच्चा माल कारखान्याच्या फाटकातून आत आल्यापासून तयार माल बाहेर पडेपर्यंत जो काळ जातो, त्यातील बहुतेक काळ त्या मालावर कोणीही काम करत नसते. यंत्रावर तो काही मिनिटे असतो आणि उरलेले दिवस ट्रॉलीत, क्रेटमध्ये, स्टोअरच्या मांडणीवर किंवा एखादी प्रक्रिया बाहेर करून देणाऱ्या जॉबवर्कवाल्याच्या शेडमध्ये पडून असतो. हे सर्वांना ढोबळमानाने ठाऊक असते. पण माल नेमका कुठे, किती आणि मुख्य म्हणजे कशामुळे थांबतो हे सांगू शकणारी माणसे कारखान्यात फार थोडी सापडतात, कारण प्रत्येकाच्या नजरेसमोर आपापलाच विभाग असतो. हा सगळा प्रवास एका कागदावर मांडण्याच्या पद्धतीला मूल्यप्रवाहाचा नकाशा काढणे म्हणतात. शॉपफ्लोअरवर ती व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंग किंवा नुसती व्हीएसएम या नावाने परिचित आहे. या नकाशाचे दोन भाग असतात: खाली मालाचा प्रवाह आणि वर माहितीचा. खालचा भाग बहुतेक ठिकाणी मन लावून काढला जातो आणि वरचा घाईने उरकला जातो. माझे ठाम मत असे आहे की माल का थांबतो याचे उत्तर बहुधा वरच्या भागात असते, म्हणून या लेखात त्याला अधिक जागा दिली आहे.

मूल्य म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करून घेतले पाहिजे. ग्राहक ज्या बदलासाठी पैसे मोजतो तो बदल म्हणजे मूल्य. फोर्जिंगचा, म्हणजे तापवून ठोकून घडवलेल्या धातूच्या नगाचा, व्यास टर्निंगने, म्हणजे नग फिरवत कापून, मापात आला, त्याला भोके पडली, आटे पडले, त्यावर जस्ताचा थर चढला, या बदलांचे पैसे ग्राहक देतो. तोच नग एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये नेला, मोजला, पुन्हा मोजला, चार दिवस झाकून ठेवला, याचे पैसे तो देत नाही, पण त्यावर होणारा खर्च मात्र कारखान्याला चुकत नाही. मूल्यप्रवाह म्हणजे अशा दोन्ही प्रकारच्या कामांची, मूल्य वाढवणाऱ्या आणि न वाढवणाऱ्या, एका उत्पादनापुरती अखंड साखळी.

ही पद्धत टोयोटामधून आली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत ताइइची ओनो यांनी तिथल्या मशीन शॉपमधून जी उत्पादनपद्धती हळूहळू घडवली, तिचा रोख ग्राहकाची मागणी आल्यापासून पैसे हाती येईपर्यंतचा काळ कमी करण्यावर होता. हा काळ लांबवणारे अपव्यय त्यांनी सात प्रकारांत मांडले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, माणसांची निष्कारण हालचाल आणि सदोष नग. यांतील पहिला, म्हणजे गरजेपेक्षा जास्त किंवा गरजेआधी केलेले उत्पादन, त्यांना सर्वांत घातक वाटे, कारण उरलेल्या बहुतेक अपव्ययांना तोच जन्म देतो. टोयोटाच्या आत अशा नकाशांना वस्तू आणि माहितीच्या प्रवाहाचा आराखडा म्हणत असत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस माइक रोथर आणि जॉन शूक या अमेरिकी लेखकांनी तो बाहेरच्या जगासाठी लिहून काढला आणि आज प्रचलित असलेले नावही तेव्हापासून रूढ झाले. त्यांपैकी शूक यांनी जपानमध्ये प्रत्यक्ष टोयोटात काम केले होते.

आता एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण त्याची ठेवण भोसरी, वाळूज किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत सहज आढळेल अशी आहे. समजा, एक छोटा कारखाना वाहन उद्योगाला फ्लँज, म्हणजे दोन भाग जोडणाऱ्या भोकांच्या चकत्या, पुरवतो. फ्लँज दोन साइझचे आहेत, मोठा आणि छोटा. फोर्जिंग बाहेरून येते, सीएनसीवर (संगणक-नियंत्रित लेथवर) टर्निंग होते, मग व्हीएमसीवर (उभ्या मशीनिंग सेंटरवर) ड्रिलिंग आणि टॅपिंग, म्हणजे भोके आणि आटे पाडणे, मग डिबरिंग, म्हणजे कडांवरची खरखर काढणे, मग झिंक प्लेटिंगसाठी माल जॉबवर्कला बाहेर जातो आणि परत आल्यावर तपासणी व पॅकिंग होऊन रवाना होतो. ग्राहकाची मागणी महिन्याला १०,४०० नग आणि कामाचे दिवस २६, म्हणजे रोज ४०० नग.

नकाशा कोणत्या उत्पादनाचा काढायचा हे आधी ठरवावे लागते. संपूर्ण कारखान्याचा एकच नकाशा काढायला गेले की कागद भरतो, पण त्यातून काही दिसत नाही. म्हणून साधारण त्याच यंत्रांवरून त्याच क्रमाने जाणाऱ्या पार्ट्सचा एक गट निवडतात. आपल्या उदाहरणात दोन्ही फ्लँज एकाच गटात बसतात.

कागद आणि पेन्सिल घेऊन चालणे

नकाशा संगणकावर सुरू करू नये, आणि ईआरपीमधील, म्हणजे कारखान्याच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमधील, आकडे समोर घेऊन तर मुळीच करू नये. कागद, पेन्सिल, खोडरबर आणि घड्याळ घेऊन शॉपफ्लोअरवर जावे. ईआरपीतील साठा हा नोंदवलेला साठा असतो आणि त्यातील सायकल टाइम बहुधा दर ठरवताना कधीतरी लिहिलेला असतो, त्यानंतर टूल बदललेले असते, फीड बदललेला असतो, कधी यंत्रच बदललेले असते. आपल्याला आज, आत्ता, जमिनीवर काय आहे ते हवे. चालण्याची दिशा उलटी ठेवावी, म्हणजे डिस्पॅचपासून सुरुवात करून कच्च्या मालाच्या स्टोअरकडे जावे. ग्राहकाच्या सर्वांत जवळच्या टप्प्यापासून निघाले की प्रत्येक ठिकाणी एक नेमका प्रश्न मनात राहतो: पुढच्या टप्प्याने जेवढे आणि जेव्हा मागितले, तेवढे आणि तेव्हाच हा टप्पा देतो आहे का?

दिवसाची निवडही विचारपूर्वक करावी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ग्राहक माल ओढतो, त्यामुळे तयार मालाचे रॅक रिकामे दिसतात, आणि गणपती किंवा दिवाळीच्या रजांच्या आसपास अर्धी यंत्रे थांबलेली असतात. अशा दिवशी काढलेला नकाशा खोटा नसतो, पण तो नेहमीच्या स्थितीचा नसतो. महिन्याच्या मध्याचा एखादा साधा कामाचा दिवस चांगला.

घड्याळ काढण्याआधी ऑपरेटरशी बोलणे मला फार महत्त्वाचे वाटते. न सांगता कोणी यंत्राजवळ वेळ मोजू लागला की ऑपरेटरला आपलीच तपासणी चालली आहे असे वाटते, आणि ते वाटणे स्वाभाविक आहे, कारण पूर्वी बऱ्याचदा तसेच झालेले असते. आपण माणसाचा वेग मोजत नसून नगाचा प्रवास मोजत आहोत, हे त्याला आधी सांगावे आणि खरोखर तसेच वागावे. गेज (माप तपासण्याचे साधन) आणायला किती लांब जावे लागते, टॅप (आटे पाडण्याचे टूल) कशामुळे तुटतो, कोणत्या लॉटचे फोर्जिंग कडक निघते, या गोष्टी त्याच्याइतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणाला सांगता येत नाहीत.

प्रत्येक टप्प्यासाठी कागदावर एक चौकट काढतात आणि तिच्याखाली थोडी माहिती लिहितात: एका नगाला लागणारा वेळ म्हणजे सायकल टाइम, एका साइझवरून दुसऱ्या साइझवर जाताना सेटिंगला लागणारा वेळ, यंत्र हवे तेव्हा चालू असण्याचे प्रमाण म्हणजे अपटाइम, ऑपरेटरांची संख्या, शिफ्ट आणि पहिल्याच फेरीत चांगले निघणारे नग. दोन टप्प्यांमध्ये जिथे माल साठलेला असेल तिथे त्रिकोण काढून आतील नग मोजून लिहितात. माल मागणी नसतानाही पुढे ढकलला जात असेल तर पट्ट्यापट्ट्यांचा बाण काढतात. उजव्या कोपऱ्यात वर ग्राहक, डाव्या कोपऱ्यात वर पुरवठादार आणि मध्ये वर नियोजन विभाग. चिन्हे थोडी वेगळी वापरली तरी बिघडत नाही, फक्त सगळ्यांना ती सारखीच कळली पाहिजेत.

आपल्या कारखान्यात मोजणी केल्यावर पुढील चित्र हाती आले असे धरू. टर्निंग ९५ सेकंद, व्हीएमसी ११० सेकंद, डिबरिंग ४० सेकंद, तपासणी व पॅकिंग ४५ सेकंद, म्हणजे एकूण २९० सेकंद. प्लेटिंगमध्ये साफसफाईपासून पॅसिव्हेशनपर्यंत (गंज रोखणाऱ्या शेवटच्या प्रक्रियेपर्यंत) प्रत्यक्ष प्रक्रिया सुमारे ५० मिनिटांची. दोन्ही धरून नगावर काम होण्याचा वेळ ५५ मिनिटांच्या आसपास येतो. साठा असा: स्टोअरमध्ये फोर्जिंग ४,८००, टर्निंग आणि व्हीएमसी यांच्यामध्ये १,६००, डिबरिंगपुढे ८००, प्लेटिंगला जाण्याची वाट पाहणारे आणि प्लेटिंगवाल्याकडे असलेले मिळून २,४००, परत येऊन तपासणीसाठी थांबलेले ६००, आणि तयार मालात २,२००. एकूण १२,४०० नग.

जॉबवर्ककडील माल मोजण्याचा एक सोपा मार्ग आहे. माल बाहेर जाताना आणि परत येताना चलन होतेच, म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांच्या चलनांवरील तारखांची जोडी लावली की माल खरोखर किती दिवस बाहेर राहतो ते कळते. प्लेटिंगवाला तोंडी दोन दिवस सांगतो आणि चलने पाच दिवस सांगतात, असे बहुधा घडते, आणि त्यात प्लेटिंगवाल्याचा दोष असेलच असे नाही.

नगांवरून दिवस कसे काढायचे, यामागे एक साधा आणि भक्कम नियम आहे. रोज ४०० नग बाहेर पडत असतील आणि वाटेत १,६०० नग असतील, तर रांगेच्या शेवटी आज आलेल्या नगाचा नंबर लागायला चार दिवस लागणार. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये या संबंधाची गणिती सिद्धता दिली, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. वाटेतील नगांना रोजच्या मागणीने भागले की वाट पाहण्याचा सरासरी काळ मिळतो. आपल्या उदाहरणात हे आकडे अनुक्रमे १२, ४, २, ६, दीड आणि साडेपाच दिवस असे येतात. बेरीज ३१ दिवस.

नकाशाच्या तळाशी पायरीसारखी एक रेषा काढतात. तिच्या वरच्या पायऱ्यांवर थांबण्याचे दिवस आणि खालच्या पायऱ्यांवर कामाची सेकंदे लिहितात. एका बाजूला ३१ दिवस आणि दुसऱ्या बाजूला ५५ मिनिटे. दोन शिफ्टमध्ये, मधल्या जेवण-चहाच्या सुट्ट्यांचा वेळ वजा करून, दिवसाची ८८० मिनिटे धरली तर ३१ दिवसांची २७,२८० मिनिटे होतात, म्हणजे कारखान्यात घालवलेल्या दर ५०० मिनिटांत साधारण एक मिनिट नगावर काम होते. अशा आकड्याने कोणी खजील होण्याचे कारण नाही. पहिल्यांदा नकाशा काढणाऱ्या कारखान्यांत हे प्रमाण असेच अत्यल्प निघते. सुधारणा कुठे शोधायची एवढे मात्र त्यावरून स्वच्छ दिसते. टर्निंगचा वेळ महागडे इन्सर्ट (टूलच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या कडा) वापरून ९५ सेकंदांवरून ८५ वर आणला, तर ३१ दिवसांतील दहा सेकंद वाचतील. तेच कष्ट प्लेटिंगच्या सहा दिवसांवर घेतले तर दिवस वाचतील.

टॅक्ट टाइम: ग्राहकाच्या मागणीची लय

दिवसाचा उपलब्ध वेळ ५२,८०० सेकंद आणि मागणी ४०० नग, म्हणजे दर १३२ सेकंदांनी एक चांगला फ्लँज तयार झाला पाहिजे. याला टॅक्ट टाइम म्हणतात. तो यंत्रावर मोजता येत नाही, तो मागणीवरून येतो, आणि मागणी बदलली की बदलतो.

वरवर पाहता सगळे टप्पे १३२ सेकंदांच्या आत आहेत, सर्वांत हळू असलेल्या व्हीएमसीलाही ११० सेकंदच लागतात. तरीही हा कारखाना साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम करतो आहे. याचे कारण अपटाइमच्या आकड्यात आहे. व्हीएमसी ८० टक्के वेळच चालू असते, उरलेला वेळ टॅप तुटणे, गेज मिळण्याची वाट पाहणे आणि पहिल्या नगाची मंजुरी यांत जातो. ११० ला ०.८ ने भागले की १३७.५ सेकंद येतात, आणि ते टॅक्टच्या वर आहेत. दिवसाला ४०० ऐवजी ३८४ नग निघतात, आणि आठवड्याला जे ९६ नग कमी पडतात ते सुट्टीच्या दिवशी भरून काढले जातात. अशा वेळी दुसरी व्हीएमसी घेण्याचा प्रस्ताव पुढे येतो. पण अपटाइम ९० टक्क्यांवर नेला तर प्रभावी वेळ सुमारे १२२ सेकंद होतो आणि आहे तेच यंत्र पुरते. टॅप तुटण्याचे मूळ शोधणे आणि गेज यंत्राशेजारी ठेवणे यांचा खर्च नव्या यंत्राच्या हप्त्यांपुढे किरकोळ आहे.

माहितीचा प्रवाह

आता नकाशाच्या वरच्या भागाकडे येऊ. ग्राहकाकडून महिन्याचे शेड्यूल ई-मेलने येते, दर आठवड्याला त्यात बदल होतो आणि मधल्या दिवसांत फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर तातडीची मागणी येते. नियोजन पाहणारी व्यक्ती या सगळ्यावरून टर्निंग, व्हीएमसी, डिबरिंग आणि तपासणी अशा चार विभागांना चार वेगळ्या आठवडी याद्या देते. फोर्ज शॉपला महिन्याची ऑर्डर जाते. प्लेटिंगला काय पाठवायचे हे मात्र कोणीच ठरवत नाही, टेम्पो भरला की तो निघतो. हे बाण एकेक करून कागदावर काढले की एक गोष्ट ठळक होते. चार विभागांना चार ठिकाणी सांगितले जाते, पण पुढच्या विभागाला आज काय हवे आहे हे मागच्या विभागाला कोणीही सांगत नाही.

याचे परिणाम पाहा. टर्निंगला एका साइझवरून दुसऱ्या साइझवर जायला दोन तास लागतात. सेटरला हा त्रास वरचेवर नको असतो आणि यादी आठवड्याची असल्याने त्याला मोकळीकही असते, म्हणून तो सलग चार दिवस मोठा फ्लँज काढतो. व्हीएमसीसमोर मोठ्या फ्लँजचा ढीग लागतो आणि छोटा संपतो. ग्राहकाचा फोन येतो तो नेमका छोट्यासाठी. मग सुपरवायझर टर्निंग मध्येच थांबवून सेटिंग बदलायला लावतो, छोट्याचे शंभर नग धावपळ करून पुढे नेतो आणि टेम्पो अर्धा रिकामा असतानाच प्लेटिंगला पाठवतो. पुढच्या वेळी असे होऊ नये म्हणून नियोजन विभाग प्रत्येक साइझचा साठा थोडा वाढवून ठेवतो. साठा वाढला की लिटलच्या नियमाप्रमाणे प्रवास लांबतो, प्रवास लांबला की अंदाज अधिक आधीपासून बांधावा लागतो, आणि जितका लांबचा अंदाज तितका तो चुकण्याचा संभव जास्त. या चक्रात कोणीही आळशी किंवा बेफिकीर नाही, प्रत्येकजण आपल्याला मिळालेल्या यादीप्रमाणे प्रामाणिकपणे काम करतो आहे. १,६०० नगांचा त्रिकोण दोन यंत्रांच्या मध्ये दिसतो खरा, पण तो तयार झाला आहे आठवडी यादीमुळे.

म्हणून नकाशा काढताना प्रत्येक ऑपरेटरला एक प्रश्न आवर्जून विचारावा: ‘हा लॉट संपल्यावर पुढे काय लावायचे हे तुम्हाला कोण सांगते?’ उत्तरे भिन्न येतात. कोणी यादी म्हणतो, कोणी सुपरवायझर म्हणतो, कोणी ‘समोर जो माल असेल तो’ म्हणतो. ही उत्तरे जशीच्या तशी नकाशावर लिहावीत. सुपरवायझर शेडमध्ये फिरून, डोळ्यांनी पाहून प्राधान्य ठरवतो त्यासाठी नकाशात चष्म्याचे चिन्ह आहे, आणि जिथे असे चष्मे जास्त दिसतात तिथे लेखी नियोजन कागदावरच राहिलेले असते असे खुशाल समजावे.

उद्याचा नकाशा

सद्यःस्थितीचा नकाशा काढून तो फ्रेम करून भिंतीवर लावणे आणि तिथेच थांबणे, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा पराभव आहे. आजचा नकाशा उद्याच्या नकाशासाठीच काढायचा असतो.

उद्याच्या नकाशात पहिला विचार असा की जिथे शक्य आहे तिथे नग एकेक करून, न थांबता पुढे जावा. टर्निंग, व्हीएमसी आणि डिबरिंग या तिन्ही टप्प्यांचे वेळ टॅक्टच्या आत आहेत किंवा आणता येतात, म्हणून ती यंत्रे जवळ आणून त्यांचा एक सेल करता येईल. प्लेटिंग मात्र लॉटमध्येच होते आणि तेही दुसऱ्याच्या कारखान्यात, म्हणून तिथे एकेका नगाचा हट्ट धरता येत नाही.

सेल करण्याआधी सेटिंगचा हिशेब मांडावा लागतो. अपटाइम ९० टक्के धरला तर टर्निंगला ४०० नगांसाठी दिवसाचे ४२,२२२ सेकंद लागतात आणि सुमारे १७६ मिनिटे उरतात. याचा अर्थ आजच्या दोन तासांच्या सेटिंगमध्येही रोज एकदा साइझ बदलणे शक्य आहे, आणि आज मोठा मग छोटा, उद्या छोटा मग मोठा असा क्रम ठेवला तर रोज एकाच बदलात दोन्ही साइझ तयार होतात. चार दिवसांचा लॉट ही यंत्राची गरज नव्हती, ती सवय होती. सेलमध्ये मात्र अट कडक होते. व्हीएमसीकडे दिवसाला केवळ ६५ मिनिटे मोकळी आहेत, आणि टर्निंग दोन तास थांबले तर व्हीएमसीही उपाशी राहील. म्हणून टर्निंगचे सेटिंग एका तासाच्या बरेच आत, शक्यतो ४५ मिनिटांवर, आणल्याशिवाय सेल चालणार नाही. हे अशक्य मुळीच नाही. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटातील हजार टनी प्रेसचे सेटिंग चार तासांवरून आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणले, ते यंत्र चालू असताना करता येण्याजोगी कामे आधीच उरकून ठेवण्याच्या तत्त्वावर. आपल्याकडेही जॉ (नग पकडणारे जबडे) बदलण्यासाठी यंत्र थांबवल्यानंतर पाना शोधायला जाणे, पुढच्या साइझचे टूल तेव्हा जोडणे, ही दृश्ये नेहमीची आहेत, आणि पहिली बचत तिथूनच होते.

दुसरा विचार असा की यादी एकाच ठिकाणी द्यावी. तो टप्पा सगळ्या साखळीची गती ठरवतो, म्हणून त्याला पेसमेकर म्हणतात. आपल्याकडे तो सेल असेल. तयार मालात दोन्ही साइझचा मिळून ठरावीक दोन दिवसांचा साठा ठेवायचा, त्यातून ग्राहकाला जेवढे क्रेट गेले तेवढी कानबान कार्डे, म्हणजे ‘एवढे नग बनवा’ असे सांगणारी कार्डे, सेलकडे परत यायची, आणि सेलने तेवढेच नग बनवायचे. सेलनंतर माल आलेल्या क्रमानेच पुढे जातो: प्लेटिंग, तपासणी, तयार माल. सेलच्या मागे फोर्जिंगचा छोटा साठा, तोही कार्डावर चालणारा. चार आठवडी याद्या बंद होतात.

तिसरा विचार सपाटीकरणाचा, म्हणजे काम दिवसभरात सारखे वाटून देण्याचा. एका क्रेटमध्ये ४० नग मावत असतील तर दिवसाला दहा क्रेट निघाले पाहिजेत, म्हणजे दर ८८ मिनिटांनी एक. सेलशेजारी दहा खणांची एक पेटी लावून त्यात दिवसाची कार्डे क्रमाने ठेवली, तर काम मागे पडल्याचे जास्तीत जास्त ८८ मिनिटांत सर्वांना दिसते. पूर्वी तेच महिनाअखेरीस, ग्राहकाच्या फोनवरून कळत होते.

प्लेटिंगसाठी टेम्पो भरण्याची वाट न पाहता रोज ठरलेल्या वेळी, रोजच्या ४०० नगांसह जाईल आणि आदल्या फेरीचा तयार माल घेऊन येईल. भाड्याचा खर्च वाढेल, हे खरे आहे, आणि तो हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. शेजारच्या दोन-तीन कारखान्यांचा माल त्याच प्लेटिंगवाल्याकडे जात असेल तर एकच टेम्पो सर्वांकडे फिरवणे हा पुण्याच्या वाहन उद्योगात रुळलेला उपाय आहे. त्यालाच मिल्क रन म्हणतात.

हे सर्व बसले तर फोर्जिंग १,६००, सेलमध्ये ४०, प्लेटिंगच्या फेरीत ८००, तपासणीपुढे २०० आणि तयार मालात ८०० असे ३,४४० नग वाटेत राहतात, म्हणजे ३१ दिवसांच्या जागी ८.६ दिवस. कमी झालेल्या ८,९६० नगांत प्रत्येकी सरासरी २५० रुपये अडकले होते असे धरले तर २२ लाख ४० हजार रुपये खेळते भांडवल मोकळे होते. बँकेच्या कॅश क्रेडिटवर चालणाऱ्या छोट्या उद्योजकाला या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्याहून कमी दिसणारा, पण मला अधिक मोलाचा वाटणारा लाभ गुणवत्तेचा आहे. एखाद्या भोकाचे स्थान चुकले तर ते पूर्वी प्लेटिंगनंतरच्या तपासणीत, तीन हजारांहून अधिक नग पुढे गेल्यावर कळत होते. सेलमध्ये डिबरिंग करणाऱ्याच्या हाती तो नग काही मिनिटांत येतो.

ही पद्धत सगळीकडे सारखी चालत नाही, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. टूल रूममध्ये किंवा प्रत्येक ऑर्डर वेगळी असणाऱ्या जॉब शॉपमध्ये पार्ट्सचा गट करणेच अवघड जाते आणि टॅक्ट टाइमला अर्थ उरत नाही. एकच हीट ट्रीटमेंट भट्टी अनेक गटांना लागत असेल तर एका गटाचा नकाशा तिच्यावरील गर्दी दाखवत नाही. शिवाय नकाशा हे एका दिवसाचे चित्र असते आणि त्यात सरासरी असते. रोज ४०० ची मागणी प्रत्यक्षात एखाद्या दिवशी २५० आणि एखाद्या दिवशी ६०० असेल तर तयार मालाचा साठा किती ठेवायचा हे मागणीच्या चढउतारावरून वेगळे ठरवावे लागते.

अंमलबजावणी एकदम करू नये. नकाशाचे तीन तुकडे पाडावेत: ग्राहकाकडील बाजू म्हणजे सेल आणि तयार माल, मधली प्लेटिंगची फेरी आणि मागची फोर्जिंगची बाजू. सेलपासून सुरुवात करावी, त्यातही आधी व्हीएमसीचा अपटाइम, मग टर्निंगचे सेटिंग आणि मगच यंत्रे हलवणे. प्रत्येक तुकड्याला तारीख असावी, आणि संपूर्ण प्रवाहाला एक जबाबदार माणूस असावा, जो कोणत्याही एका विभागाचा नाही. छोट्या कारखान्यात हे काम मालकालाच करावे लागते. बाहेरच्या सल्लागाराची मदत हवी असेल तर केंद्र सरकारची एमएसएमई काँपिटिटिव्ह लीन योजना मार्च २०२३ मध्ये नव्या रूपात सुरू झाली आहे. तिच्यात बेसिक, इंटरमीजिएट आणि ॲडव्हान्स्ड असे तीन स्तर आहेत आणि सल्लागाराच्या मार्गदर्शनाच्या खर्चातील सरकारचा वाटा आधीच्या ८० टक्क्यांवरून ९० टक्के करण्यात आला आहे. सल्लागार आला तरी चालणे, मोजणे आणि पेन्सिल धरणे कारखान्यातील माणसांनीच करावे, अन्यथा तो गेल्यावर नकाशाही त्याच्याबरोबर जातो.

आपल्या उदाहरणात सर्वांत मोठा त्रिकोण फोर्जिंगचा होता, १२ दिवसांचा, आणि तो तसा असण्याचे कारण महिन्यातून एकदा दिली जाणारी १०,४०० नगांची ऑर्डर हे आहे. फोर्ज शॉपलाही डाय (घडवण्याचा साचा) बदलायला वेळ लागतो, म्हणून तोही मोठा लॉट मागतो. इथे आपल्या फाटकाबाहेर जाऊन, त्यांच्या माणसांबरोबर त्यांच्या शेडमधून चालून, डाय बदलण्याचा वेळ आणि त्यांच्या स्टीलचा साठा असलेला दुसरा नकाशा काढावा लागतो. महिन्याऐवजी दर आठवड्याला, दोन्ही साइझ मिळून २,४०० नग घेणे त्यांना कोणत्या अटींवर परवडेल, हा त्या बोलण्याचा पहिला विषय असेल. आठवडी पुरवठा सुरू झाला तर सरासरी तीन दिवसांचा माल आणि उशिरासाठी एक दिवस धरून १,६०० नगांवर स्टोअर चालू शकते.